अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिक घ्यावं का?

अँटिबायोटिकला आपलं-परकं कळत नाही. घशातल्या जंतूंसोबत आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात, म्हणून काहींचं पोट बिघडतं, जुलाब होतात. प्रोबायोटिकने (म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणू किंवा यीस्ट पोटात घेतल्याने) हे जुलाब होण्याची शक्यता कमी होते, एवढं खरं. त्यातलं सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे, जिवाणू नाही, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. जिवाणूंची कॅप्सूल असेल तर निदान दोन तासांचं अंतर ठेवा. पण ‘प्रोबायोटिकने पोट पूर्ववत होतं’ हा नेहमी ऐकू येणारा दावा मला पटत नाही. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात (छोटाच होता तो) उलटंच दिसलं: प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला जास्त वेळ लागला. प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि जुलाबात रक्त दिसलं तर कॅप्सूल शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरांना गाठा.