रेखाटन शिकायला बारा पेन्सिलींचा संच घ्यावाच लागतो का? आणि एचबी, २बी, ६बी म्हणजे नेमकं काय?

संच नको. एक एचबी, एक ४बी, खोडरबर आणि ब्लेड एवढं घ्या, उरलेले पैसे कागदात घाला. दुकानदार दाखवतोय त्या डब्यातल्या २एच, ४एच तुमच्याकडून वर्षभर बाहेर निघणार नाहीत. त्या नकाशे-आराखडे काढणाऱ्यांच्या कामाच्या, जिथे रेघ बारीक आणि फिकी लागते.

अक्षरांचा हिशेब सोपा आहे. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती असते. माती जास्त तर टोक कडक नि रेघ फिकी, ते एच. ग्रॅफाइट जास्त तर टोक मऊ नि रेघ काळी, ते बी. एचबी या दोहोंच्या मधली, आणि अक्षरामागचा आकडा जितका मोठा तितका तो गुण जास्त: ६बी ही २बीपेक्षा मऊ नि काळी. ही युक्ती फ्रान्सच्या निकोला-जाक काँतेची, १७९५ सालची. इंग्लंडशी युद्ध जुंपलेलं, तिकडचं उत्तम ग्रॅफाइट मिळेना, म्हणून त्याने ग्रॅफाइटची पूड मातीत मळून भट्टीत भाजली. मात्र एका कंपनीची ४बी दुसरीच्या ४बीइतकीच काळी असेल असं नाही. दोन्ही पेन्सिली एकाच कंपनीच्या घ्या.

आता खरी गोष्ट. मी इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांकडून स्थिरचित्र करून घेतो. समोर पितळी तांब्या, एखादं वांगं, मागे कापडाची चुणी. बहुतेक जण तांब्याची सावलीची बाजू पहिल्याच फटक्यात दाबून काळी करतात. कागदाचा खरखरीतपणा चेपला जातो, ग्रॅफाइट चकाकायला लागतं आणि त्यावर दुसरा थर बसत नाही. काळेपणा हलक्या हाताने, थरावर थर देऊन आणायचा. शिवाय तांब्याचा सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला नसतोच! कडेवर खालच्या कापडाचा उजेड उलटून पडलेला असतो, गडद पट्टा त्याच्या थोडा आत. कड काळी केली की तांब्या चपटा झालाच म्हणून समजा. वांग्याची चमकही वेगळी. पितळेवर उजेडाची सीमा कापल्यासारखी स्पष्ट असते, वांग्यावर ती हळूहळू विरते. हे डोळ्याला दिसायला लागलं की एका ४बीवर भागतं. दिसत नसेल तर बारा पेन्सिली काय करणार?

टोक ब्लेडनेच काढा. शार्पनर आखूड टोक देतो. शिसं सेंटीमीटरभर उघडं असेल तर पेन्सिल आडवी धरून रुंद, मऊ छटा देता येते. खोडरबराचा कोपराही ब्लेडने तिरका कापून ठेवा, तांब्यावरचा झगझगीत ठिपका शेवटी त्याने उचलायचा. आणि छटा बोटाने पुसू नका, हाताचं तेल लागून डाग पडतात. (पोरं ऐकत नाहीत, तुम्ही ऐका.)

झेरॉक्सचा कागद फार गुळगुळीत असतो, ग्रॅफाइट धरत नाही. थोडा खरखरीत कार्ट्रिज कागद मागा.

पुढे कधी दाट, न चकाकणारा काळा हवासा वाटला तर ६बीच्या मागे न लागता चारकोलच्या, म्हणजे चित्रकलेच्या कोळशाच्या, कांड्या आणा. चारकोल हात लागला की निघतो, म्हणून चित्र पूर्ण झाल्यावर फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारावं लागतं, तेही गॅलरीत किंवा गच्चीवर जाऊन. वास उग्र असतो.