वस्तुसंग्रहालयातील ‘वस्तु’ अनावश्यक आहे का?

फोर्ट आणि भायखळा भागातील वारसा-फेरीसाठी मराठी माहितीपत्रक तयार करणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, संग्रहालयात वस्तूच असतात, मग ‘वस्तुसंग्रहालय’ ही द्विरुक्ती नव्हे काय. त्याऐवजी नुसते ‘संग्रहालय’, ‘पुराणवस्तुसंग्रहालय’ किंवा ‘अजायबघर’ यांपैकी काय लिहावे. आणि तेथे भरते ते ‘प्रदर्शन’ म्हणावे की ‘प्रदर्शनी’?

‘वस्तुसंग्रहालय’ ही द्विरुक्ती नाही. संग्रह कशाचा, हे सांगितल्याखेरीज ‘संग्रहालय’ हा शब्द मराठीत दीर्घकाळ अपुराच राहिला, कारण तो आधी पुस्तकांनी बळकावला होता. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ या नावाने लोकांसाठी खुले झाले ते १९२२ च्या जानेवारीत. म्हणजे दक्षिण मुंबईतील ती घुमटाची इमारत उघडली, तेव्हा मुंबईकर वाचकाच्या कानात ‘संग्रहालय’ हा शब्द पुस्तकांच्या सोबतीने रुळून दोन तपांच्या आसपास काळ लोटला होता. प्राण्यांचे ते प्राणिसंग्रहालय, ग्रंथांचे ते ग्रंथसंग्रहालय, आणि या दोहोंत न बसणारे सारे काही जेथे असते ते वस्तुसंग्रहालय, अशी ही सरळ वाटणी आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत तर प्राणिसंग्रहालय आणि वस्तुसंग्रहालय एकाच आवारात नांदतात, त्यामुळे तेथे विशेषण गाळणाऱ्याला ‘कोणते?’ हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो.

ग्रंथ आणि वस्तू यांना एकाच शब्दाने बांधणे हा मराठीचा विक्षिप्तपणा आहे असेही नाही. ‘म्युझियम’ या शब्दाचे मूळ ग्रीक, म्हणजे विद्या आणि कला यांच्या अधिष्ठात्री देवतांचे स्थान. प्राचीन अलेक्झांड्रियात त्या नावाची संस्था होती ती विद्वानांची, आणि तिच्याशी जोडलेले ग्रंथभांडार तिच्याहूनही अधिक गाजले. हॅन्स स्लोन यांच्या संग्रहातून १७५३ च्या कायद्याने उभे राहिलेले लंडनचे ब्रिटिश म्युझियम घ्या. त्याच्या पोटातील ग्रंथालय स्वतंत्र संस्था झाले ते थेट १९७३ मध्ये. आपल्याकडे पुस्तकांसाठी पुढे ‘ग्रंथालय’ हा सुटसुटीत शब्द रूढ झाला, आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कायद्याने त्यावर शासकीय शिक्काही बसला. त्यामुळे ‘संग्रहालय’ हा शब्द पुष्कळसा मोकळा झाला असून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाची भायखळ्याची संस्था आज नावात नुसते ‘संग्रहालय’ लावते. राज्य शासनाच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या नावात मात्र ‘वस्तुसंग्रहालये’ टिकून आहे. माझे मत असे की, पहिल्या उल्लेखात ‘वस्तुसंग्रहालय’ लिहावे आणि संदर्भ स्पष्ट झाल्यावर पुढे ‘संग्रहालय’ म्हणावे. संस्थेचे नाव देताना मात्र ती स्वतः लावते तेच द्यावे.

‘पुराणवस्तुसंग्रहालय’ या शब्दाला माझा ठाम विरोध आहे, निदान मुंबईपुरता तरी. या शहरातील पहिले सार्वजनिक वस्तुसंग्रहालय जुन्या वस्तूंसाठी निघालेच नव्हते. १८५१ च्या लंडनमधील आणि १८५५ च्या पॅरिसमधील महाप्रदर्शनांच्या निमित्ताने कच्च्या मालाचे व कारागिरीचे नमुने गोळा करण्याची जी लाट आली, तिच्यातून फोर्टातील टाउन बराकीत हे शासकीय संग्रहालय उभे राहिले. त्याच्या तत्कालीन इंग्रजी नावात अर्थव्यवहाराचा उल्लेख होता, पुराणवस्तूंचा नव्हता. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लष्कराला बराकी हव्या झाल्या आणि तो संग्रह विस्कटला. पुढे इंग्रज डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांनी तो पुन्हा जमवला, जगन्नाथ शंकरशेट व भाऊ दाजी यांच्यासारख्या नागरिकांनी भायखळ्यातील नव्या इमारतीसाठी निधी उभारण्यास हातभार लावला, १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ उघडले. त्याला भाऊ दाजींचे नाव मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. या संस्थेने जमवायला सुरुवात केली तेव्हा तिच्या वस्तू समकालीन होत्या. आज त्या आपल्याला जुन्या वाटतात, एवढाच काळाचा खेळ. दक्षिण मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात तर मूर्ती आणि लघुचित्रांच्या जोडीला पेंढा भरलेले पशुपक्षीही आहेत, आणि त्यांना पुराणवस्तू म्हणणे कठीण आहे.

‘अजायबघर’ मराठीत उपरे वाटते. अरबी ‘अजब’चे अनेकवचन ‘अजायब’, त्याला हिंदीचे ‘घर’ जोडलेले. मराठीने अजब घेतला, अजायब फारसा घेतला नाही. म्हणूनच १८६३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोकांनी ‘अजब बंगला’ असे खास आपले नाव दिले. हा शब्द मला मनापासून आवडतो, पण तो नागपूरचा आहे. मुंबईच्या माहितीपत्रकात तो आणला तर वाचक बुचकळ्यात पडेल. बोलताना मुंबईकर सरसकट ‘म्युझियम’च म्हणतो आणि त्यात काही वावगे नाही.

लेखनाविषयी एक सूचना. सुटा शब्द ‘वस्तू’ आणि ‘प्राणी’ असा दीर्घान्त, परंतु समासाच्या पूर्वपदी आल्यावर तो ऱ्हस्व होतो: वस्तुसंग्रहालय, प्राणिसंग्रहालय. ‘वस्तूसंग्रहालय’ हे फलकांवर सर्रास दिसणारे रूप अशुद्ध आहे.

‘प्रदर्शनी’ हिंदीतून येते आणि अलीकडे जाहिरातींतून ती बरीच फोफावली आहे. हिंदीत ‘प्रदर्शन’ या शब्दाला मोर्चा-घोषणांचाही अर्थ असल्याने त्या भाषेला वेगळ्या रूपाची गरज पडली असावी. मराठीत त्या अर्थाचे काम ‘निदर्शने’ हा शब्द करतो, तेव्हा ‘प्रदर्शन’ मांडणीसाठी मोकळे आहे. माहितीपत्रकात ‘चित्रप्रदर्शन’, ‘नाण्यांचे प्रदर्शन’ असे निःशंकपणे लिहावे, आणि ते ज्या खोलीत मांडले आहे तिला ‘गॅलरी’ऐवजी ‘दालन’ म्हणावे. ‘कलादालन’ हा शब्द मराठी वाचकाच्या पुरता ओळखीचा आहे.