डबीत उरलेल्या २१ गोळ्या

आमच्या एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशन डबीपासून सुरू होतं. पेशंट औषधाची डबी टेबलावर ठेवतो, मी उरलेल्या गोळ्या मोजते. तारखेचा हिशेब जुळला की पुढचं बोलणं सोपं जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये संदीपच्या डबीत २१ गोळ्या जास्त निघाल्या.

संदीप हे त्याचं खरं नाव नाही, बायकोचं वैशाली हेही नाही. तालुक्याच्या गावात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, ती ब्लाउज शिवते. तो पॉझिटिव्ह, ती निगेटिव्ह. चार वर्षांत त्याची एकही तारीख चुकली नव्हती. म्हणून मी पुन्हा एकदा मोजलं. २१च.

मी काही विचारायच्या आत त्यानं फोन पुढे केला. मागे जोरजोरात संगीत, वर लाल अक्षरं: एचआयव्हीवर अखेर इंजेक्शन, वर्षातून फक्त दोनदा, शंभर टक्के परिणाम.

"मॅडम, इंजेक्शनच आलंय, मग रोज गोळी कशाला? तेवढाच लिव्हरला आराम, म्हणून थांबवली."

त्या दिवसांत हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू यायचा. इंजेक्शन आलं म्हणजे एचआयव्ही बरा होतो का, आता गोळ्या सोडता येतील का? बातमी खोटी नव्हती, म्हणून तर समजावणं जास्त अवघड. साफ थाप असती तर एका वाक्यात उडवली असती.

त्या इंजेक्शनचं नाव लेनाकापाविर. विषाणूच्या जनुकांभोवती जे कवच असतं त्यावरच ते घाव घालतं, आणि पोटाच्या कातडीखाली दिलं की सहा महिने हळूहळू झिरपत राहतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात १६ ते २५ वयाच्या पाच हजारांहून अधिक मुली आणि तरुणींवर त्याची चाचणी झाली. इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. जुलै २०२४ मध्ये म्युनिकच्या एड्स परिषदेत चाचणीच्या प्रमुख डॉ. लिंडा-गेल बेकर यांनी हे निकाल मांडले, आणि वर्षभरानं, जुलै २०२५ मध्ये किगालीत, जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केली. व्हिडिओतलं 'शंभर टक्के' तिथून आलं होतं. फक्त त्या २,१३४ जणी निगेटिव्ह होत्या, एवढं व्हिडिओवाला गाळून बसला होता.

"हे लागण होऊ नये म्हणून आहे. ज्याला एचआयव्ही नाही त्याच्यासाठी," मी संदीपला म्हटलं. "म्हणून तर टोचायच्या आधी दर वेळी तपासणी करतात. तुमच्या शरीरात विषाणू आहे. एकटं हे औषध दिलं तर विषाणू त्याला चुकवायला शिकतो."

उपचारातही ते वापरतात, पण बाकीच्या औषधांना विषाणू दाद देत नसेल तेव्हा, आणि इतर औषधांच्या जोडीनंच. संदीपला त्याची गरज नव्हती. त्याच्या एका गोळीत तीन औषधं आहेत: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर. ही गोळी विषाणू संपवत नाही, त्याला वाढू देत नाही. काही विषाणू पेशींमध्ये दबा धरून बसलेले असतात. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात ते काही आठवड्यांत पुन्हा दिसू लागतात.

संदीपचा चेहरा उतरला. आणि तेवढ्यात वैशाली, जी एरवी माझ्या खोलीत पर्सच्या चेनशी खेळत बसायची, म्हणाली, "मग ते मला द्या ना."

व्हिडिओ त्यानं पाहिला होता, समजला होता तिला.

मी सांगितलं की ते आमच्या सेंटरवर मिळत नाही. नंतर सप्टेंबरमध्ये बातमी आली की डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या औषध कंपन्या २०२७ पासून गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये ते देणार आहेत. ते बनवायचा परवाना मिळालेल्या कंपन्यांमध्ये पुण्याची एमक्युअरही आहे. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी मी वेगळंच विचारलं: "तुम्हाला कशाला हवंय?"

बराच वेळ ती बोलली नाही. संदीप खिडकीकडे बघत होता.

"सासूबाई विचारतात, पाळणा कधी हलणार. मी काय सांगू? यांचा रिपोर्ट आल्यापासून मी आत झोपते, हे बाहेर."

चार वर्षं! दर महिन्याला हे जोडपं माझ्यासमोर बसत होतं आणि मी गोळ्या मोजत होते. 'कंडोम वापरताय ना?' असं विचारलं की दोघंही मान डोलवायचे, मी रकान्यात बरोबरची खूण करायचे. ते खोटं बोलत नव्हते, वापरायची वेळच येत नव्हती.

चूक माझी होती. रक्तात विषाणू सापडत नसेल तर तो संबंधांतून पसरत नाही, हे मी त्यांना कधी स्वच्छ शब्दांत सांगितलंच नव्हतं. आम्ही समुपदेशक इथे कचरतो. असं सांगितलं तर लोक बेफिकीर होतील, अशी भीती वाटते. माझ्या मते ही भीती पेशंटपेक्षा आमच्याच सोयीची आहे.

खरं तर हे संशोधन इंजेक्शनपेक्षा कितीतरी जुनं. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा मोठा अभ्यास झाला. त्यात एक जोडीदार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह. पुण्याची 'नारी' ही एड्स संशोधन संस्थाही त्यात होती, म्हणजे आपल्याकडची जोडपीही. लवकर उपचार सुरू केल्यानं जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली, असं २०११ मध्ये जाहीर झालं. पुढे २०१६ मध्ये युरोपातल्या अभ्यासाचे निकाल आले: ८८८ जोडपी, कंडोमशिवाय सुमारे ५८ हजार संबंध, औषधानं विषाणू दाबलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. हा शून्य आमच्या जिल्ह्यापर्यंत पोचायला मीच आडवी आले होते.

मी जुनी फाइल काढली. संदीपचे मागचे तीन व्हायरल लोड रिपोर्ट, म्हणजे रक्तात विषाणू किती ते सांगणारे. तिन्हीवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', विषाणू सापडला नाही. तिच्यासमोर ठेवले.

"म्हणजे मी उगाच..." ती थांबली. नवऱ्याकडे पाहिलं नाही तिनं.

"आणि बाळाला यांच्याकडून?" हाही नेहमीचा प्रश्न. बापाकडून बाळाला थेट लागण होत नाही. आई निगेटिव्ह राहिली तर बाळाला एचआयव्ही यायला वाटच नाही. म्हणजे सगळा प्रश्न वैशालीला जपण्याचा, आणि तिला जपायचं औषध संदीपच्या डबीत. त्याच २१ गोळ्या.

हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा रडला. लिव्हरचं कारण अर्धंच होतं, हेही तेव्हा कळलं. घरात कुणी जवळ येत नाही, तर औषध घेऊन तरी काय, असं त्याच्या मनात बरेच दिवस होतं.

पण लगेच घाई नको, हेही सांगितलं. तीन आठवड्यांच्या खंडानंतर जुन्या रिपोर्टच्या भरवशावर राहता येत नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू केली. वैशालीची तपासणी झाली, निगेटिव्ह. व्हायरल लोड पुन्हा होईपर्यंत कंडोम. त्यानंतरही तिला धास्ती वाटलीच तर निगेटिव्ह जोडीदारासाठी रोजची प्रतिबंधक गोळी असते, ती डॉक्टरांशी बोलून घेता येते. इतर गुप्तरोगांपासून मात्र या गोळ्या वाचवत नाहीत, तिथे कंडोमच. सासूबाईंना सांगायचं की नाही, हे दोघांनी ठरवायचं. एचआयव्हीबद्दलच्या २०१७ च्या कायद्यानं तशी सक्ती कुणावर नाही.

नोव्हेंबरमध्ये रिपोर्ट आला: टार्गेट नॉट डिटेक्टेड. संदीपनं त्याचा फोटो काढून ठेवला. रात्री साडेनऊचा गजर आता दोघांच्याही फोनवर वाजतो, असं तो म्हणाला. मी डबी मोजली, हिशेब जुळला.

बाळासाठी डॉक्टरांनी आणखी काही महिने थांबायला सांगितलं होतं. ते झाले आणि एके दिवशी वैशाली एकटीच आली. शिवायला टाकलेल्या ब्लाउजांची पिशवी हातात. बसली नाही, दारातूनच विचारलं, "मॅडम, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या तुमच्याकडे मिळतात का?"

"इथे नाही," मी म्हटलं. "समोरची इमारत, तळमजला, सहा नंबर. सकाळी लवकर या, गर्दी असते."