जाकिटाचं पाहू, आधी पिस्तुलाचं बोला

प्रश्न: मी ग्योटिंगेनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. जर्मनीत आल्यापासून एक नाद लागलाय. पश्चिम जर्मनीच्या सीमारक्षक दलाचे, म्हणजे बुंडेसग्रेन्त्सशुत्सचे जुने गणवेश, हेल्मेट, पट्टे, तंबूचं कापड असं सगळं जमवतो. मागच्या महिन्यात जुन्या सीमेवरच्या एका गावात कार्यक्रम होता. आयोजकांच्या सांगण्यावरून मी तिथे गणवेशात उभा होतो: 1960 च्या दशकातली कॅमोफ्लाज नक्षीची पँट, वर 1990 च्या सुमाराचं हिरवं जाकीट, बाहीवर गरुडाचा बिल्ला. परतताना कपडे बदलायचा कंटाळा केला. ग्योटिंगेन स्टेशनवर पोलिसांनी अडवलं, जाकीट काढून घेतलं, एका कागदावर सही घेतली. आता आरोपी म्हणून जबाबाला बोलावणारं पत्र आलंय. जाऊन नीट समजावून सांगितलं तर मिटेल ना? मी कुणाला फसवायला थोडाच घातला होता? नागरिकत्वाचा अर्जही चालू आहे, म्हणून जास्त धास्ती. घरी जुन्या बाजारातून घेतलेलं एक सिग्नल पिस्तूल आहे, पण ते शोभेचं, इन्स्टाग्रामवरच्या फोटोतही आहे, त्याचा काही प्रश्न नसावा. वाटतंय, सगळा संग्रह पुण्याला भावाकडे पाठवून मोकळं व्हावं.

उत्तर: तुमच्या पत्रात घाबरण्यासारखं एकच वाक्य आहे आणि नेमकं तेच तुम्ही जाता जाता लिहिलंय. जाकिटाचं प्रकरण बहुधा निभावेल. सिग्नल पिस्तुलाचं तसं नाही.

फोटोत जे दिसतं ते 26.5 मिलिमीटरचं, इथल्या भाषेत ‘कॅलिबर चार’चं पिस्तूल आहे. जर्मन लष्कराने वर्षानुवर्षं वापरलेलं हेकलर अँड कॉखचं पी2ए1 याच कॅलिबरचं. त्यातून गोळी नाही, आकाशात पेटणारा दिवा उडतो, म्हणून लोक त्याला खेळणं समजतात. शस्त्र कायदा समजत नाही. दुकानात अठरा वर्षांवरच्या कुणालाही मिळणारी आवाजाची किंवा सिग्नलची पिस्तुलं वेगळी. ती छोट्या कॅलिबरची असतात आणि त्यांच्यावर गोलातलं ‘पीटीबी’ (जर्मन तांत्रिक चाचणी संस्थेचं) चिन्ह कोरलेलं असतं. कॅलिबर चारला नुसतं घरात ठेवायलाही वाफनबेझित्सकार्टे, म्हणजे शस्त्र बाळगण्याचा परवाना लागतो. समुद्रात होड्या नेणारे लोक रीतसर परीक्षा देऊन तो काढतात. तुमच्याकडे तो नाही. विनापरवाना बाळगल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ‘निकामी केलेलं आहे’ असं विकणारा म्हणाला असेल, तर त्याचा अधिकृत दाखला आणि पिस्तुलावरची खूण दाखवा. दोन्ही नसेल तर ते कायद्याने निकामी नाही, नळी कितीही गंजलेली असो.

आता करायचं काय? ते पिशवीत घालून पोलीस ठाण्यात जाऊ नका. रस्त्यावर विनापरवाना शस्त्र नेण्याचा आणखी एक गुन्हा त्यात वाढेल. लाईने नदीत तर मुळीच टाकू नका. भावाला पाठवायचा विचार इथेच सोडा. परवान्याशिवाय शस्त्र जर्मनीबाहेर काढणं हा इथला गुन्हा आणि मुंबईच्या कस्टममध्ये ते सापडलं तर तिथला. पूर्वी शासनाने ठरावीक मुदत देऊन विनापरवाना शस्त्रं जमा करणाऱ्यांना माफी दिली होती. अशा पिस्तुलांना लागू असलेली शेवटची मुदत 1 जुलै 2018 ला संपली. आता फौजदारी वकील करायचा, त्याने शस्त्र-परवाना कार्यालयाशी बोलून त्यांनाच घरी येऊन ते न्यायला लावायचं. स्वतःहून जमा केलेल्या शस्त्राकडे सरकारी वकील एका नजरेने पाहतात, झडतीत सापडलेल्याकडे दुसऱ्या. तुमच्याविरुद्ध तपास चालू आहे, फोटो जगजाहीर आहे. झडतीचं वॉरंट निघणं अशक्य नाही, म्हणून हे काम याच आठवड्यात. इन्स्टाग्रामवरचा फोटो हटवायचा की ठेवायचा हेही वकिलाला विचारूनच ठरवा. तपास चालू असताना गुपचूप पुसलेल्या गोष्टींचा अर्थ कधीच तुमच्या बाजूने लावला जात नाही.

हे झालं की जाकीट.

तुमचा बचाव आहे ‘मी फसवायला घातला नव्हता.’ आपल्याकडे तो चालला असता. भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 मध्ये सैनिकाचा पोशाख घालण्याचा गुन्हा आहे, पण ‘लोकांनी आपल्याला सैनिक समजावं’ हा हेतू सिद्ध करावा लागतो. कलम 205, सरकारी नोकराच्या पोशाखाचं, तेही कपटी हेतू मागतं. जर्मन दंडसंहितेच्या कलम 132अ मध्ये तसा हेतू लागत नाही. अधिकार नसताना देशी किंवा परदेशी गणवेश, सरकारी पोशाख वा सरकारी बिल्ला घातला, एवढं पुरतं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. शिवाय हुबेहूब नसलेल्या पण गफलत होईल इतक्या सारख्या पोशाखालाही तोच नियम आहे. संग्रहात ठेवण्यावर, विकत घेण्यावर, भिंतीवर टांगण्यावर या कलमात एक शब्दही नाही. प्रश्न फक्त अंगावर घालण्याचा.

मग वाद होणार तो एकाच मुद्द्यावर: हा गणवेश आज ‘आहे’ का? इथे दलाचा इतिहासच कामाला येतो. 1951 च्या मार्चमध्ये हे दल उभं राहिलं तेव्हा पश्चिम जर्मनीला लष्कर नव्हतं, त्यामुळे त्याला लष्करी हुद्दे, लष्करी ढंगाचे कपडे मिळाले. 1956 मध्ये त्यातले हजारो जवान नव्या लष्करात गेले. उरलेलं दल पूर्व जर्मनीलगतच्या जवळपास 1,400 किलोमीटरच्या सीमेवर राहिलं. 1976 मध्ये हुद्दे पोलिसी झाले. सीमा पुसली गेल्यावर 1992 मध्ये रेल्वे पोलिसांचं काम याच दलाकडे आलं, आणि 1 जुलै 2005 ला त्याचं नाव बुंडेसपोलिझाय, म्हणजे केंद्रीय पोलीस, झालं. म्हणजे स्टेशनवर तुम्हाला ज्यांनी अडवलं ते तुमच्या जाकिटाचे थेट वारसदार. वाईट वाटून घेऊ नका, पण हे वाचताना मला हसू आलं.

गंमत बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतो: दल बरखास्त झालं नाही, नाव बदललं. सरकारी वकील तेच धरून बसेल. आपण उत्तर द्यायचं की दल चालू असेल, गणवेश चालू नाही. आजची बुंडेसपोलिझाय निळ्या कपड्यांत आहे. तुम्ही संपूर्ण 1960 च्या दशकातल्या वेषात असता, करडा-हिरवा कोट किंवा ज्याला संग्राहक ‘झुम्फटार्न’ म्हणतात ती दलदली नक्षी आणि डोक्यावर तसलं हेल्मेट, तर मी बिनधास्त सांगितलं असतं की फलाटावरच्या कुणालाही तुम्ही आजचे पोलीस वाटणार नाही. पण तुम्ही वर घातलं 1990 चं हिरवं जाकीट. हिरवा रंग लोकांच्या डोळ्यांतून अजून गेलेला नाही. बव्हेरियाचे पोलीस 2016 नंतर कुठे निळ्यात आले. आजी-आजोबांच्या पिढीला हिरवं जाकीट आणि गरुड दिसला की पोलीसच आठवतो. तीस वर्षांचं अंतर असलेले दोन कपडे एकत्र घालणं संग्राहकांतही पाप समजतात म्हणे. तुम्हाला ते कोर्टातही महागात पडू शकतं. शिवाय संघराज्याचा गरुड विनाधिकार वापरला तर त्यासाठी वेगळी किरकोळ दंडाची तरतूद आहे. गुन्ह्याचं कलम टिकलं नाही, तर फाईल तिकडे वळते.

तरीही प्रकरण हाताळण्यासारखं आहे. कार्यक्रमात उभं राहण्याबद्दल काळजी नको. नाटक, कार्निव्हल, ऐतिहासिक देखावा यांत घातलेला गणवेश लोकांचा विश्वास मोडत नाही, आणि हे कलम त्या विश्वासासाठीच आहे. अडचण देखावा संपल्यानंतरच्या प्रवासाची. आयोजकांकडून आजच्या आज लेखी घ्या: कार्यक्रम कोणता, तुम्हाला गणवेशात कुणी बोलावलं, किती वाजता संपला. त्या दिवसाचं रेल्वेचं तिकीट जपून ठेवा. थेट घरी चालला होतात, कुणाला हुकूम सोडले नाहीत, कुणाचं ओळखपत्र मागितलं नाही, हे त्यातून उभं राहतं. कुणाचं ओळखपत्र खरंच मागितलं असेल तर मला आत्ताच सांगा, कारण मग कलम 132 लागतं, अधिकाऱ्याचं काम बळकावण्याचं, आणि त्याला दोन वर्षं आहेत.

जबाबाला जाऊ नका. आपल्या मनात पोलिसांचं बोलावणं म्हणजे जायलाच हवं असं पक्कं बसलेलं असतं. इथे पोलिसांच्या नुसत्या बोलावण्याला आरोपी बांधील नसतो. सरकारी वकील किंवा न्यायालयाने बोलावलं तर हजर राहावं लागतं, बोलावं तरीही लागत नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख यांसारखी ओळखीची माहिती तेवढी खरी सांगायची. बाकी गप्प राहण्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध काढता येत नाही. तुम्ही ‘नीट समजावून’ सांगायला बसलात की संग्रहाचा विषय निघणार, आणि दहाव्या मिनिटाला पिस्तुलाचा. वकिलाने एक ओळीचं पत्र पाठवायचं: अशील जबाब देणार नाही, फाईल पाहायला द्यावी. फाईल पाहिल्यावर लेखी म्हणणं. अशा प्रकरणात तपास बंद होणं किंवा एखाद्या संस्थेला ठरावीक रक्कम देऊन बंद होणं, दोन्ही घडतं.

स्टेशनवर सही केलेला कागद बाहेर काढा. जप्तीच्या पावतीत बारीक अक्षरात दोन चौकोन असतात: वस्तू घेण्याला संमती आहे किंवा नाही. कधी खाली आणखी एक ओळ असते, वस्तूवरचा हक्क सोडल्याची. घाईत लोक सगळीकडे खुणा करतात. संमतीवर खूण असेल तर ती मागे घेता येते आणि न्यायालयाचा आदेश मागता येतो. हक्क सोडल्याच्या ओळीखाली सही असेल तर जाकीट गेलं असं समजा.

पत्रपेटीवर लक्ष ठेवा. पिवळ्या पाकिटात श्ट्राफबेफेल, म्हणजे सुनावणीविना दिलेला दंडाचा आदेश आला, तर पाकिटावर पोस्टमनने लिहिलेल्या तारखेपासून दोन आठवड्यांत हरकत घ्यावी लागते. सुट्टीला भारतात जाणार असाल तर शेजाऱ्याला पेटी बघायला सांगून जा. ती मुदत हुकली की आदेशाला शिक्षेच्या निकालाचं वजन येतं.

आणि इथे नागरिकत्व येतं. दंड दिवसांच्या हिशेबात मोजतात, एका दिवसाचा दर म्हणजे साधारण तुमच्या निव्वळ मासिक उत्पन्नाचा तिसावा भाग. अशा 90 दिवसांपर्यंतचा दंड नागरिकत्वाच्या आड येत नाही. जाकिटाचा दंड झालाच तरी तिथपर्यंत जाईल असं मला वाटत नाही. पण अनेक शिक्षा असतील तर दिवसांची बेरीज होते, आणि त्या बेरजेत पिस्तूल बसलं की 90 ओलांडायला वेळ लागणार नाही. म्हणून मी पहिल्यापासून त्याच्यावर अडून बसले आहे. तपास चालू असेपर्यंत अर्जावर निर्णय थांबतो, त्याला इलाज नाही. मात्र तपासाची माहिती कार्यालयाला कळवा. लपवून मिळवलेलं नागरिकत्व परत घेता येतं आणि खोटी माहिती देणं स्वतंत्र गुन्हा आहे. भारताचा पासपोर्ट निर्णय हाती येईपर्यंत जमा करायची घाई नको, हे वेगळं सांगायला नको.

बाकी संग्रहाला कुणी हात लावणार नाही, एका वस्तूची तेवढी खात्री करा. 1950 च्या दशकातल्या हेल्मेटचा आकार दुसऱ्या महायुद्धातल्यासारखाच असतो. म्हणून काही विक्रेते त्यावर स्वस्तिकाची किंवा नाझींच्या एसएस दलाची खोटी चित्रं चिकटवून युद्धातलं म्हणून विकतात. तुमच्या फोटोत एका हेल्मेटच्या बाजूवर काहीतरी दिसतंय. तसलं चिन्ह असेल तर दंडसंहितेचं कलम 86अ, बंदी असलेल्या संघटनांच्या चिन्हांबद्दलचं, लागू होतं. घरात ठेवणं एक वेळ चालेल, पण चिन्ह दिसेल असा फोटो सगळ्यांसाठी टाकणं त्या कलमात बसू शकतं. माल चोरीचा ठरेल का, अशीही भीती वाटत असेल तर थोडक्यात: केंद्र सरकारचा जादा माल फ्रँकफुर्टची व्हेबेग ही सरकारी कंपनी वर्षानुवर्षं लिलावात विकत आली आहे, त्यामुळे बाजारात असे कपडे असणं संशयास्पद नाही. पावत्या नसतील तर कुठे, केव्हा, केवढ्याला घेतलं याची यादी करून ठेवा. गोदामातून थेट आल्यासारखी कोरी, शिक्के खरवडलेली वस्तू तेवढी परत विक्रेत्याच्या गळ्यात मारा.

पुण्याला पाठवणं तपास संपेपर्यंत थांबवा. नंतर पाठवायचं झालं तर वापरलेल्या कपड्यांच्या व्यापारी आयातीवर भारतात निर्बंध आहेत. कायमचं परतताना स्वतःच्या सामानातून नेणं सोपं पडेल.

वकिलाकडे जाताना हे न्या: पोलिसांचं पत्र पाकिटासकट, जप्तीची पावती, आयोजकांचं पत्र, तिकीट. पिस्तुलाचा फोटो मोबाईलमध्ये पुरे. पिस्तूल घरीच, कुलपात.