मलम असताना अँटिबायोटिक सोडणारी पट्टी कशाला?
भाजलेल्या किंवा मधुमेही पायाच्या जखमेत रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे गोळीचं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. मलम स्रावाबरोबर वाहून जातं. म्हणून औषध कोलॅजनमध्ये (त्वचेत असणारं एक प्रथिन) किंवा पॉलिमरच्या (प्लॅस्टिकसारख्या लांब साखळीच्या पदार्थाच्या) अतिसूक्ष्म धाग्यांत अडकवतात. धागा विरघळेल तसं ते बाहेर पडतं.

खरी अडचण वेगाची. बऱ्याच पट्ट्या पहिल्या काही तासांतच बहुतेक औषध सोडून मोकळ्या होतात. मग उरतो अपुरा डोस, म्हणजे जंतूंना प्रतिकारशक्ती कमवायची आयती संधी! आणि प्रयोगशाळेत जंतू मेले म्हणून रुग्ण बरा होतोच असं नाही: जेंटामायसिन हे अँटिबायोटिक भरलेला कोलॅजनचा स्पंज मधुमेही पायाच्या संसर्गावरील तिसऱ्या टप्प्याच्या (बऱ्याच रुग्णांवर घेतलेल्या) चाचण्यांत २०१६ साली अपयशी ठरला. फ्रॅमायसेटिन या अँटिबायोटिकची जाळीदार पट्टी मात्र आपल्याकडे जुन्या काळापासून वापरात आहे.