खुसपटं काढणारी मुलगी

"मॅडम, हिला कशातच रस नाही."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईंनी हे वाक्य टाकलं. मी समुपदेशक, असं बोलणारे पालक मला आठवड्यातून एकदा तरी भेटतात, त्यामुळे वाक्याचं काही वाटलं नाही. खटकलं ते वेगळंच. शेजारी बसलेली त्यांची १५ वर्षांची मुलगी मान हलवून त्याला दुजोरा देत होती. आपल्यात काही नाही, हे तिनेही मान्य करून टाकलं होतं.

(ही हकिगत मुलीच्या आणि पालकांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पुढचे विषय निवडायचा अर्ज सहा आठवड्यांवर आला होता. चित्रकलेचा वर्ग लावून झाला, सुटला. कीबोर्ड घेऊन झाला, तो कपाटावर गेला. बुद्धिबळ वर्षभर चाललं. मामेभाऊ मात्र आठव्या वर्षापासून वैमानिक व्हायचं म्हणतो आणि अजून त्यावर ठाम आहे, हे आईंनी दोनदा सांगितलं. वडिलांनी पिशवीतून एक जाडजूड रंगीत अहवाल काढला. बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कल सांगणारी चाचणी त्यांनी करून आणली होती. बोटांवरच्या रेषा जन्माआधीच ठरतात आणि त्यांवरून बुद्धीचा किंवा आवडीचा अंदाज बांधायला कुठलाही शास्त्रीय आधार नाही. हे सांगताना मला नेहमीच जड जातं, कारण समोरच्याने पैसे भरलेले असतात. वडिलांनी अहवाल काही न बोलता परत पिशवीत ठेवला.

मग आवडीनिवडींचा कल पाहणारी माझी चाचणी मी तिला सोडवायला दिली. आणि तिथे माझंही चुकलं.

कल चाचण्यांमागे बहुतेक वेळा जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची मांडणी असते. १९५९ साली त्यांनी ती पहिल्यांदा मांडली. माणसांच्या आणि कामांच्याही सहा तऱ्हा त्यांनी कल्पिल्या: हातांनी किंवा अवजारांनी काम करणं; शोध घेणं; काही नवं घडवणं; लोकांना मदत करणं, शिकवणं; लोकांना पटवणं, पुढाकार घेणं; आणि माहिती, हिशेब, नोंदी शिस्तीत ठेवणं. मुलाच्या उत्तरांवरून या सहांपैकी दोन-तीन तऱ्हा वर येतात आणि बोलायला धागा मिळतो. चाचणी चांगली आहे, मी अजूनही वापरते. पण या मुलीच्या आलेखात काहीच वर आलं नाही. सहाही खांब एका उंचीचे, आणि ते सगळे मध्यावर.

असा सपाट आलेख दोन कारणांनी येऊ शकतो. आवडीनिवडी अजून आकाराला आलेल्या नसतात, किंवा आवडींचा पसारा खरोखरच मोठा असतो. तिसरंही एक कारण असतं, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "याचा अर्थ तुला सगळेच मार्ग खुले आहेत."

"म्हणजे कुठलाच नाही, असंच ना?" ती म्हणाली.

उत्तर नव्हतं माझ्याकडे. मी तिला एक साधा तक्ता दिला. सात दिवस लिहायचं: आज काय केलं, किती वेळ केलं, कसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात तक्ता परत आला तो भरलेला कमी आणि दुरुस्त केलेला जास्त. ‘कसं वाटलं’ हा रकाना तिने उभी रेघ मारून दोन केला होता, ‘करताना’ आणि ‘झाल्यावर’. खाली बारीक अक्षरात टीप होती, "गणिताचा अभ्यास करताना वैताग येतो, झाल्यावर बरं वाटतं. एकाच रकान्यात लिहिलं तर तुम्हाला काय कळणार?" ‘किती वेळ’ या रकान्यापुढे प्रश्न होता, "सलग की तुकड्यातुकड्यांत?"

मी विचारलं, "कल चाचणी सोडवतानाही असंच वाटत होतं?"

"मग काय! ‘तुम्हाला लोकांना मदत करायला आवडतं का?’ कोणत्या लोकांना? ओळखीच्या की कुणालाही? त्यांनी मागितली तर, की न मागता? मी ‘कधी कधी’वर खूण केली. सगळीकडेच तसं करावं लागलं."

हेच ते तिसरं कारण. मध्यावर राहिलेल्या त्या सहा खांबांना मी उदासीनता समजले होते. प्रत्यक्षात ती प्रश्नांवरची तक्रार होती.

त्यानंतर मी फक्त आई-वडिलांना बोलावलं. मुलीला काय आवडतं, हे त्यांना विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर ‘काहीच नाही’ हे मला माहीत होतं. विचारलं, "घरात तिच्याशी खटके कशावरून उडतात?"

दोघंही एकदम बोलायला लागले. सरळ गोष्टीला फाटे फोडते. कुठल्याही गोष्टीत खुसपट काढते. भावंडांबरोबर खेळायला बसली की आधी अर्धा तास नियमांवर वाद, कारण ‘यात हे लिहिलंच नाहीये’. परीक्षेत एका प्रश्नाचे दोन अर्थ होतात म्हणून शिक्षकांकडे गेली आणि आगाऊ ठरली. आजोबांच्या औषधांच्या कागदावरून घरात महिनाभर कटकट चालू होती, त्यावर नीट लिहिलेलं नाही म्हणून. वडील शेवटी म्हणाले, "हुशारी आहे हो, पण ती नको तिथे."

मी माझ्या वहीत या तक्रारी उतरवत होते आणि प्रत्येकीसमोर एक क्रियापद लिहीत होते. वाचते. अडते. कुठे अडलं ते नेमकं सांगते. दुरुस्त करते. मुलांच्या बाबतीत मी विषयांच्या नावांपेक्षा क्रियापदांवर जास्त भरवसा ठेवते. ‘विज्ञान आवडतं’ म्हणणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला प्रयोग करायला आवडतं आणि दुसऱ्याला विज्ञानाचे शिक्षक आवडतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता प्रत्येक तक्रारीखाली गुण दडलेला असतो, असं मात्र कुणी समजू नये. उशिरा उठणं हे बहुतेक वेळा उशिरा उठणंच असतं. फरक ओळखायला मी काही गोष्टी तपासते. कुणी न सांगता मूल ते करतं का? करता करता त्यात सफाई येते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाकीचे त्या कामासाठी त्याच्याकडे येतात का? या मुलीला विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, "प्रकल्पाच्या सूचना आल्या की वर्गातल्या मुली मला फोन करतात. नक्की काय करायचंय ते विचारायला." यात सांगण्यासारखं काही आहे, असं तिला वाटतच नव्हतं. स्वतःला जे सोपं जातं ते सगळ्यांनाच जात असणार, असं मुलं धरून चालतात. त्यामुळे ‘तुझे गुण सांग’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं.

सुटलेले तीन वर्गही मी पुन्हा उकरून काढले. चित्रकला का सोडली? तिथे समोरचं चित्र जसंच्या तसं उतरवायला लावायचे. बुद्धिबळ? सर सुरुवातीच्या चाली पाठ करून घ्यायचे, पण ही चाल का, ते सांगायचे नाहीत. कीबोर्डचं उत्तर वेगळं होतं. दोन्ही हातांनी वाजवायची वेळ आली, जमेना, तेव्हा तिला वाटलं आपल्याला संगीताची आवडच नसणार.

हा शेवटचा समज फार मुलांमध्ये असतो, आणि तो त्यांना मोठ्यांनीच दिलेला असतो. ‘तुझी खरी आवड शोध’ असं आपण म्हणतो तेव्हा आवड ही कुठेतरी तयार पडलेली वस्तू आहे, असा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचतो. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांपैकी एकात विद्यार्थ्यांना आधी कृष्णविवरांवरची एक रंजक चित्रफीत दाखवली होती. बहुतेकांना विषय आवडला. मग त्याच विषयावरचा किचकट शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवड जन्मजात, ठरलेली असते असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त ओसरला. आवड घडत जाते असं मानणाऱ्यांचा तेवढा ओसरला नाही. खरी आवड असेल तर अवघड जाणारच नाही, अशी अपेक्षा घेऊन बसलेलं मूल पहिल्या ठेचेला उठून जातं. कीबोर्डचं तेच झालं होतं. बाकीच्या दोन्हींचं तसं नव्हतं. म्हणजे ‘हिने तीन गोष्टी अर्धवट सोडल्या’ या एका वाक्यात तीन वेगवेगळी कारणं दबलेली होती.

उरलेल्या आठवड्यांत आम्ही छोटे प्रयोग करायचे ठरवले. वर्ग लावायचा नाही, पैसे भरायचे नाहीत, काही दिवस करून पाहायचं आणि तिच्याच दुरुस्त केलेल्या तक्त्यात लिहायचं.

पहिला प्रयोग मला अगदी हमखास वाटला होता. वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ मोबाइलवरची अ‍ॅप तयार करतात. लोकांच्या हाती देण्याआधी अ‍ॅप वापरून त्यातल्या चुका शोधायच्या, असं काम त्यांनी तिला दिलं. दोन दिवसांत तिने १९ चुका काढल्या. गृहस्थ खूश. तिसऱ्या दिवशी तिने अ‍ॅप उघडलंच नाही.

वडिलांचा फोन आला. "बघा, हेही सोडलं! आवड असती तर असा कंटाळा आला असता का?"

मलाही क्षणभर वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तक्ता पाहिला. ‘करताना’खाली लिहिलं होतं, "सोपं." ‘झाल्यावर’खाली लिहिलं होतं, "चुका सापडल्या, पण त्या कुणाला नडत होत्या तेच कळलं नाही." एखादी गोष्ट जमते म्हणून ती आवडतेच असं नसतं. पालक इथे फार घाई करतात, आणि समुपदेशकही. गणितात चांगले गुण पडतात म्हणून आयुष्यभर आकडेमोडीत कोंडलेली मोठी माणसंही माझ्याकडे येतात.

दुसऱ्या प्रयोगाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एका वकीलबाईंच्या कार्यालयात ती दोन दुपार बसली आणि तिला झोप आली.

तिसरा प्रयोग मी सुचवलेलाच नव्हता. आजोबांच्या गोळ्यांचा तो कागद तिने पुन्हा काढला. डॉक्टरांनी दिलेल्या वेळा तिने मोठ्या अक्षरात एका पानावर उतरवल्या आणि आजोबांना तो मोठ्याने वाचायला लावला. ते ‘जेवणापूर्वी’ या शब्दावर थांबले. किती आधी? ताटावर बसताना, की अर्धा तास आधी? आईला घेऊन ती डॉक्टरांना विचारून आली, कागद बदलला, पुन्हा वाचून घेतलं. आता आजोबा दुसऱ्याच ठिकाणी अडले. दोन गोळ्या दिसायला सारख्या होत्या. तिने चित्रं काढली. चित्रकलेचा वर्ग सोडलेल्या मुलीने! चौथ्या कागदावर आजोबा न अडखळता शेवटपर्यंत पोचले. त्यानंतर ती शेजारच्या आजींच्या औषधांचा कागद घेऊन बसली. तक्त्यात ‘किती वेळ’ या रकान्यात सलग तीन दिवस काही लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "बघायचं राहिलं."

तो कोरा रकाना मी बराच वेळ पाहत बसले होते.

आई मात्र काळजीतच होत्या. "पण हे कितीसं टिकेल?" रास्त प्रश्न होता. सुझॅन हिडी आणि अ‍ॅन रेनिंजर यांनी २००६ साली आवड कशी वाढते याचे चार टप्पे मांडले. आधी एखाद्या प्रसंगाने कुतूहल चाळवतं. मग आजूबाजूच्या आधाराने ते टिकून राहतं. त्यानंतर मूल आपणहून तिकडे वळायला लागतं, स्वतःचे प्रश्न विचारायला लागतं. मुरलेली, स्वतःच्या बळावर चालणारी आवड यानंतरची. मी आईंना म्हटलं, ही तिसऱ्या टप्प्याच्या उंबऱ्यावर आहे, आणि आपण तिच्याकडे चौथ्याचा दाखला मागतोय. दुसऱ्या टप्प्यात जो आधार लागतो तो शक्यतो शांतपणे द्यावा. ‘अगं, तू तर डॉक्टरच हो!’ असं त्याच दिवशी म्हटलं की कागद कपाटावर गेलाच समजा, कीबोर्डशेजारी.

आणि मामेभाऊ? त्याला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे बोलणं बरं नव्हे. तरी एवढं सांगितलं की जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली किशोरवयातल्या निश्चयाच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या होत्या. एक, शोध घेऊन आलेला. दुसरा, शोध न घेताच, बहुधा घरातल्यांकडून जसाच्या तसा उचललेला. बाहेरून दोन्ही सारखेच ठाम दिसतात. तेव्हा तुलना करायचीच असेल तर जरा जपून करावी.

अर्जाची मुदत आली. १५व्या वर्षी अखेरचा निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यवसायविषयक आवडींवरच्या दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आवडींची स्थिरता किशोरवयात फारशी वाढत नाही, ती १८ ते २२ या वयात झपाट्याने वाढते, असं दिसलं होतं. म्हणून या वयात मी एकच गोष्ट पाहायला सांगते: कोणत्या निवडीने नंतर परत फिरायची वाट बंद होते? गणित सोडलं तर तिच्या बऱ्याच वाटा बंद होत होत्या. भाषेचा विषय नंतरही घेता येत होता, पण तो तिला आत्ताच हवा होता. तिने दोन्ही ठेवले, गणितावर नाक मुरडून.

शेवटच्या बैठकीत वडिलांनी त्यांचा प्रश्न पुन्हा काढला. "ते सगळं ठीक. पण ती होणार कोण?"

पदाचं नाव माझ्याकडे नव्हतं. आरोग्याची माहिती लिहिणं, शिकवणं, कायद्याचे मसुदे सोपे करणं, यंत्रं आणि अ‍ॅप लोकांना वापरता येतील अशी घडवणं, असे रस्ते त्यांना दाखवता येत होते, आणि ते मी दाखवले. वकिलाच्या कार्यालयात झोप आली म्हणून कायदा यादीतून काढला नाही. दोन दुपारींवर कुणी कायमची फुली मारू नये. मग मी वहीत तिच्याबद्दल एक वाक्य लिहिलं आणि तिघांना वाचून दाखवलं, "किचकट गोष्ट समोरच्याला कळेल अशी करणं आणि तो कुठे अडतो ते शोधणं."

"समोरच्याला म्हणजे कुणाला?" ती लगेच म्हणाली. "आणि शोधणं आधी हवं. तो कुठे अडतो हे कळल्याशिवाय सोपं कसं करणार?"

आईंनी कपाळाला हात लावला. मी पेन घेऊन थांबले होते. वडील माझ्या वहीकडे बघून म्हणाले, "लिहा मॅडम, ती सांगतेय तसं."