केस ऐकली की डोके रिकामे होते

“केस सांगून झाली की पहिली दोन मिनिटे मला काहीच सुचत नाही, मॅडम. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, म्हणून असे होत असेल का?” मॅनेजमेंट कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना कारभाराविषयी सल्ला देण्याच्या कामाच्या, मुलाखतींची तयारी करणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न मी वरचेवर ऐकते. सांगली जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने तो विचारला, तेव्हा ती एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि प्लेसमेंट सहा आठवड्यांवर येऊन ठेपली होती. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

या मुलाखतीत उमेदवारापुढे एखाद्या कंपनीची अडचण ठेवली जाते, तिलाच केस म्हणतात, आणि साधारण अर्ध्या तासात, प्रश्न विचारत आणि आकडेमोड करत, त्याने तिच्या मुळाशी जायचे असते. मॅकिन्सी या सल्लागार कंपनीत सहसा मुलाखतकारच एकेक प्रश्न देत पुढे नेतो. बीसीजी (बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप) आणि बेन या तशाच दोन कंपन्यांमध्ये मात्र कुठल्या वाटेने जायचे, हे बहुतेक वेळा उमेदवारालाच ठरवावे लागते. या दुसऱ्या प्रकारात तिचा धीर सुटत असे.

पहिल्या सरावाला मी तिला एका डेअरीची केस दिली होती: दोन वर्षांत नफा घटला आहे, कारण शोधा. तिने क्षणाचाही विचार न करता बाजारपेठ, स्पर्धक, ग्राहक आणि कंपनी असे चार मथळे एका दमात म्हणून दाखवले आणि तिथेच ती थांबली. कुठल्याशा शिकवणीत पाठ करून घेतलेला तो साचा होता. मीही इथे चुकले. अडचण भाषेची आहे असे समजून पहिले दोन आठवडे मी तिची इंग्रजी वाक्ये सुधारत बसले आणि ती अधिकच अडखळू लागली.

तिसऱ्या आठवड्यात बोलता बोलता कळले की तिच्या वडिलांचे गावात दूध संकलन केंद्र आहे. “बाबांची मिळकत कधी एकदम कमी झाली होती का?” मी विचारले. “गेल्या वर्षी झाली होती,” ती म्हणाली आणि मराठीत सलग सांगू लागली. डेअरीकडून लिटरमागे मिळणारे कमिशन तेच होते. मदतनिसाचा पगार आणि कूलरचे वीजबिलही फारसे वाढले नव्हते, म्हणजे कमी झाले होते ते लिटरच. उन्हाळ्यात दूध आटते, पण ते दरवर्षीच आटते. वहीत पाहिले तेव्हा ४५ पैकी १२ शेतकरी दुसऱ्या केंद्राकडे गेलेले दिसले, आणि नेमके जास्त दूध घालणारे तेच होते. फॅटप्रमाणे मिळणारा दर दोन्हीकडे सारखाच होता. तिकडे पेंड उधारीवर मिळत होती, एवढाच काय तो फरक.

ती बोलत असताना मी कागद आडवा धरून तिचेच शब्द फांद्यांसारखे मांडत गेले: मिळकत की खर्च, लिटर की लिटरमागचे कमिशन, प्रत्येकाचे दूध घटले की शेतकरीच गेले. तो कागद तिच्यापुढे ठेवला तेव्हा ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. बार्बरा मिंटो यांनी १९६०च्या दशकात मॅकिन्सीत काम करताना ज्याला ‘मीस’ (MECE) हे नाव दिले, ते याहून निराळे नाही: भाग असे पाडायचे की ते एकमेकांत मिसळू नयेत आणि काही सुटूही नये. तिला ते येत होते. फक्त मुलाखतीत ती ते वापरत नव्हती, कारण तिथे पाठ केलेलेच चालते असे तिच्या मनाने घेतले होते.

उरलेल्या दिवसांत आम्ही प्रत्येक केस आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सोडवली. केस ऐकल्यावर एक मिनिट मागून घ्यायचे आणि त्या मिनिटात कागदावर मराठीत लिहायचे, हे ठरवून टाकले. विचार करायला वेळ मागितल्याने गुण जातात ही भीती मला फार मुलांमध्ये दिसते, आणि ती निराधार आहे. घाईने चुकीच्या दिशेला लागलेला उमेदवार मात्र सहसा सावरत नाही. आकड्यांत तिची चूक एकाच ठिकाणी होई, लाखाचे मिलियन करताना. म्हणून १ मिलियन म्हणजे १० लाख आणि १०० मिलियन म्हणजे १० कोटी, हे ती कागदाच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवू लागली.

पहिल्या कंपनीत तिची निवड झाली नाही. दुसरीकडे केस सिमेंटची होती, विक्री घटलेल्या एका कंपनीची. तिने एक मिनिट मागून घेतले, फांद्या काढल्या आणि विचारले, “विक्रेत्यांना उधारी किती दिवसांची मिळते, आणि प्रतिस्पर्धी किती दिवसांची देतो?” मुलाखतकाराने फाइलमधून एक तक्ता काढून तिच्यापुढे सरकवला. तो उधारीच्या दिवसांचाच होता. संध्याकाळी फोनवर तिने निकालाच्या आधी मला ही तक्त्याची गोष्ट सांगितली, आणि मग सांगितले की पुढच्या फेरीसाठी उद्या सकाळी नऊला बोलावले आहे.